रानाची तहान

वैशाख तापू लागला की अजिंठ्याच्या डोंगररांगांतील ओढे आटतात आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यातील प्राणी उरल्यासुरल्या पाणवठ्यांभोवती गोळा होतात. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावरून प्राणी मोजण्याचा प्रघात या तहानेवरच उभा आहे. पाऊस पडताच तीच अस्वले, तेच बिबटे २०५ चौरस किलोमीटरांत पांगतात. ते घटत नाहीत, केवळ दृष्टीआड होतात. म्हणून उन्हाळ्यातील गर्दीस समृद्धी मानणे हा भ्रम होय.

याच दिवसांत मोहफुले नि तेंदूपाने वेचण्यास माणूस पहाटे रानात शिरतो. मोहाखाली अस्वलही येते. रानातले पाणी सरले की ते गावाकडे वळते आणि संघर्ष ओढवतो. त्याचा दोष एकट्या अस्वलाच्या माथी कसा मारावा?

२०१९ साली टिपेश्वरहून निघालेला वाघ हजाराहून अधिक किलोमीटर तुडवीत येथे पोहोचला, याचा आपण अभिमान मिरविला. परंतु पाहुण्यास पाणी देणे हे यजमानाचे पहिले कर्तव्य नव्हे काय? टँकरने पाणवठे भरणे ही तात्पुरती मलमपट्टी झाली. आषाढ-श्रावणाचे पाणी डोंगरातच अडविले पाहिजे आणि पहाट-संध्याकाळी पाणवठे निर्मनुष्य राखले पाहिजेत. वैशाखाची तरतूद आषाढातच करावी लागते, हे शेतकऱ्यास ठाऊक आहे. शासनानेही ते जाणावे.