सूज उतरली, पण हाडाचे काय?

गेल्या आठवड्यात पस्तिशीच्या एक बाई दवाखान्यात आल्या. दोन्ही हातांची बोटे सुजलेली. सकाळी तासभर मूठ वळत नाही, कणीक मळता येत नाही. हे दीड वर्षापासून. "वातच आहे डॉक्टर, आमच्या आईलाही होता," असे त्यांनीच निदान सांगून टाकले. कोणाकडून तरी मिळणाऱ्या पुडीने बरे वाटायचे, म्हणून पुडी चालू. एक्स-रे काढला, तर बोटांच्या सांध्यांशी हाडांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या!

'वात' या एका शब्दाखाली आपण फार काही खपवतो, असे माझे स्पष्ट मत आहे. साठीनंतर गुडघे झिजणे वेगळे आणि हा आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, वेगळा. यात शरीराचे राखणदारच घर फोडतात.

वाचकहो, हाड म्हणजे दगड नव्हे. ते जन्मभर मोडले जाते आणि पुन्हा बांधले जाते. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी नवा होतो. बांधणाऱ्या पेशी त्या ऑस्टिओब्लास्ट, तोडणाऱ्या त्या ऑस्टिओक्लास्ट. गंमत अशी की, अस्थिमज्जेतल्या ज्या मूळ पेशींपासून या तोडणाऱ्या पेशी होतात, त्यांच्यापासूनच जंतू गिळणाऱ्या पेशीही होतात. भावंडेच म्हणा ना! कोणी काय व्हायचे, ते मिळणाऱ्या निरोपावर ठरते. 'रँक लायगँड' हे प्रथिन म्हणजे तोडकामाचा हुकूम. एरवी हाडातल्याच पेशी तो बेताने देतात. सांध्यात दाह सुरू झाला की, रोगप्रतिकार करणाऱ्या टी पेशी आणि सांध्याच्या अस्तरातील पेशीही तो सोडू लागतात. टीएनएफसारखी दाहक द्रव्ये त्याला जोर देतात आणि वर बांधकामही रोखून धरतात.

१९९९ साली उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात हा हुकूम तेवढा अडवला, तेव्हा सांध्याची सूज तशीच राहिली. हाड मात्र वाचले. (हिरड्यांच्या पायोरियात दातांखालचे हाड झडते, त्यामागेही बरेचसे हेच आहे. मिश्रीने हिरड्या आवळून येतात म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.)

म्हणून वेदनाशामक गोळीवर वर्ष काढणे मला पटत नाही. गोळीने ठणका थांबतो, पोखरणे थांबत नाही. पुड्यांत तर पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने सूज झटकन उतरते, पण बेहिशेबी घेतल्यास तेच सबंध सांगाडा ठिसूळ करते. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर ती एकदम सोडू नये. डॉक्टरांना दाखवून हळूहळू कमी करावी.

या रोगावर मेथोट्रेक्सेट हे जुने, स्वस्त औषध आहे. ते कर्करोगाचे म्हणून लोक घाबरतात. इथे त्याची मात्रा फार लहान असते, आणि ती आठवड्यातून एकदाच! रोज घेतल्यास जिवावर बेतते. रक्ततपासणी चुकवू नये, आणि गरोदरपणात किंवा मूल हवे असताना हे औषध चालत नाही. ते पहिल्या काही महिन्यांतच सुरू झाले तर हाडे पुष्कळ वाचतात.

बाईंचे औषध सुरू झाले आहे. कुरतडलेल्या कडा बहुधा भरून येणार नाहीत. उठता उठता त्या म्हणाल्या, धाकट्या बहिणीचीही बोटे हल्ली सकाळी आखडतात. तिला सोमवारी बोलावले आहे.