मला काय होतंय?

गेल्या आठवड्यात साताऱ्याहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं. मुलगा-सून परदेशात असतात, त्यांनी आईला फिरायला बोलावलंय, आणि बेत कसला, तर चार दिवस जंगलातून पायी चालायचं, गुहा बघायच्या, लाकडी बाकावर झोपायचं! ‘माझं वय बावन्न. गुडघे कुरकुरतात. पण मुलं एवढ्या हौसेनं बोलावताहेत, त्यांना नाही कसं म्हणू? आणि हो म्हटलं तर जमेल का?’ असं त्या विचारतात.

ताई, तुमचं पत्र वाचून मला हसू आलं आणि थोडं चपापायलाही झालं. कारण गेल्या वर्षी मी नेमकी याच फेऱ्यातून गेले. तेव्हा उपदेश बाजूला ठेवते आणि झालं ते सांगते.

माझी लेक क्वालालंपूरला नोकरीला. तिनं बोलावलं ते बोर्निओ बेटावरच्या सारावाक राज्यात, गुनुंग मुलू नावाच्या अरण्यात. गुनुंग म्हणजे पर्वत. हे राष्ट्रीय उद्यान 1974 साली जाहीर झालं आणि 2000 साली जागतिक वारसा ठरलं. तिथं गाडीरस्ता जात नाही. मिरी या गावाहून पंख्याच्या छोट्या विमानानं अर्ध्या तासात पोचायचं, आणि त्या अर्ध्या तासात खाली नुसतं हिरवं. एक गंमत सांगून ठेवते. सारावाक मलेशियातच असलं तरी तिथं उतरताना पासपोर्ट पुन्हा दाखवावा लागतो, तेव्हा तो सामानाच्या तळाशी कोंबू नका. आणि लागणारे रोख पैसे मिरीतूनच घेऊन निघा.

आमचे हे घरीच राहिले. दहा दिवसांचं मेतकूट, भाजणी आणि दूधवाल्याचा हिशेब लिहून ठेवला, तेव्हा कुठं माझा पाय उंबऱ्याबाहेर पडला. एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितली नाही. उजवा गुडघा दोन महिने दुखत होता. जिना उतरताना कळ यायची. लेकीनं फोनवर विचारलं, ‘आई, चालणं जमेल ना गं?’ मी म्हटलं, ‘हो, मला काय होतंय!’

पहिल्या दिवशी संध्याकाळी हरणांची गुहा पाहिली. लाकडी फळ्यांच्या पायवाटेनं तीन किलोमीटर चालत जायचं, वाट सपाट. गुहेचं तोंड दिसलं आणि मी जागच्या जागी थांबले. शंभर मीटरहून उंच आणि तितकीच रुंद! वेरूळचं कैलास लेणं आपण मान वर करून बघतो ना, तशी तीन लेणी एकावर एक ठेवली तरी वर जागा उरेल. पण आपली लेणी माणसांनी छिन्नीनं कोरली, तीही काळ्या कातळात. इथली कारागिरी पाण्याची, आणि दगड चुनखडीचा.

पाणी दगड कसा कोरतं, हे तुम्हाला स्वयंपाकघरातच बघता येईल. बोअरिंगचं पाणी तापवलेल्या पातेल्याला आतून पांढरा थर बसतो ना? त्यावर लिंबू पिळा. बुडबुडे येतात आणि थर सुटतो. पावसाचं पाणी हवेतून आणि कुजलेल्या पाचोळ्यातून कार्बन डायऑक्साइड घेतं, त्यामुळे तेही किंचित आंबट होतं. ते लाखो वर्षं चुनखडीत झिरपतं, दगड विरघळवतं आणि भुयारं करतं. पुढं हेच चुन्याचं पाणी छतातून थेंब थेंब गळतं, तेव्हा थोडा थोडा चुना मागं ठेवतं. त्याचेच छताला लोंबणारे आणि जमिनीतून वर येणारे खांब होतात. पातेल्यातला थर आणि गुहेतले खांब, दोन्ही एकाच घरचे!

त्या गुहेत वीस ते तीस लाख वटवाघळं राहतात. तेव्हा वासाची तयारी ठेवा. कठड्यावर हात टेकू नका, त्यावर विष्ठा असते. बाहेर आल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय तोंडात काही टाकायचं नाही. संध्याकाळी वटवाघळं बाहेर पडतात ती धुराच्या लोटासारखी, वळणं घेत, मिनिटंच्या मिनिटं. रात्रभर किडे, डास मटकावायचे आणि पहाटे परत. पाऊस असला तर बहुधा बाहेर पडत नाहीत. आमचं नशीब, पाऊस थांबला होता.

दुसऱ्या दिवशी लांबट, अरुंद होडीतून मेलिनाऊ नदीनं वर निघालो. वाटेत बातू बुंगान इथं पेनान लोकांची वस्ती लागते. हे मुळचे या अरण्यातच भटकून राहणारे लोक. त्यांच्या बायका वेताच्या टोपल्या आणि मण्यांचे दागिने विकायला बसतात. वेताची वीण पाहून माझे हात शिवशिवले. पुढं वाऱ्याची गुहा आणि नितळ पाण्याची गुहा. नितळ पाण्याच्या गुहेतून एक नदी वाहते, आणि तिच्या भुयारांची आजवर मोजलेली लांबी दोनशे किलोमीटरच्या वर भरते. म्हणजे पुण्याहून निघून मुंबई ओलांडून जावं, तेवढं जमिनीखाली! पण तिथं चढायला दोनेकशे पायऱ्या आहेत. चढताना ठीक होते. उतरताना कळ मस्तकात गेली. लेक पुढं होती. मी कठडा धरून एकेक पायरी उतरले आणि हसतमुखानं फोटोला उभी राहिले.

नदीत पाणी कमी होतं. दोनदा खाली उतरून होडी ढकलावी लागली. मग कुआला लितुतला होडी सोडली आणि पाच नंबरच्या तळापर्यंत 8.8 किलोमीटर चाल. वाट सपाट खरी, पण मुळं, चिखल, ओढे आणि पायाखाली डुलणारे झुलते पूल. दुसऱ्या पुलानंतर माझा गुडघा दुमडला आणि मी चिखलात बसले. ‘काही नाही, पाय घसरला,’ म्हटलं. वाटाड्यानं नुसतं माझ्याकडं पाहिलं आणि माझी पाठपिशवी न बोलता स्वतःच्या खांद्यावर घेतली.

तळावर पोचलो, बूट काढले. सलवार वर केली तर गुडघा नारळाएवढा. लेक बघतच राहिली. ‘कधीपासून?’ ‘दोन महिने.’ मला वाटलं ती रागावेल. ती रागावली नाही, रडायला लागली. म्हणाली, ‘आई, इथून बाहेर जायला गाडी नाही, फोन लागत नाही. ज्या पायांनी आलो त्याच पायांनी परत जायचंय. तू मला सांगितलं असतंस तर मी आपल्याला पहिल्या दोन गुहा दाखवून परत नेलं असतं. तुला कळतंय का, तू माझ्यापासून काय लपवलंस?’

मैत्रिणींनो, मला उत्तर सुचलं नाही. तीस वर्षं घरात ताप लपवला, पाठ लपवली, आणि त्याला मी सोसणं म्हणत आले. त्या अंधाऱ्या जंगलात पहिल्यांदा उमगलं, की आपण लपवतो ते ओझं नाहीसं होत नाही, दुसऱ्याच्या खांद्यावर जातं. माझी पाठपिशवी गेली तसंच.

तिसऱ्या दिवशी सुळक्यांची चढाई होती. अपी नावाच्या चुनखडीच्या डोंगरावर, जंगलातून वर आलेले, पंचेचाळीस मीटरपर्यंत उंच असे धारदार दगडी सुळके आहेत. ते बघायला 2.4 किलोमीटरच चालायचं, पण तेवढ्यात बाराशे मीटर चढायचं! शेवटच्या टप्प्यात शिड्या आणि दोर. वाटाड्या वेळ बांधून देतो. पहिले नऊशे मीटर तासाभरात झाले नाहीत तर परत फिरायचं, आणि शिड्यांपाशी अकराच्या आत पोचायचं. यात अपमान कसला नाही. उतरायला चढण्याइतका किंवा जास्तच वेळ लागतो, आणि अंधार कुणासाठी थांबत नाही.

रात्रीच मी वाटाड्याला लेकीकरवी सांगितलं, ‘मी येत नाही. गुडघा दोन महिने दुखतोय.’ त्यानं मान डोलावली. त्याला ते आधीच कळलं होतं. लेकही थांबते म्हणाली. मी म्हटलं, ‘आता तू लपवू नकोस. तुला जायचंय ना? मग जा.’

पहाटे ती गेली. मी गुडघा नदीच्या गार पाण्यात सोडून बसले. चहा कुणी मागितला नाही, दाराची बेल वाजली नाही. वर धनेश पक्षी गेला तर पंखांचा आवाज वाफेच्या इंजिनासारखा. दुपारी पाऊस कोसळला आणि माझा जीव टांगणीला लागला. ओल्या दगडावर पोर कशी उतरत असेल? साडेचारला ती आली, तळहात खरचटलेले, पाय थरथरत, पण चेहरा फुललेला. तळावर स्वयंपाकाची सोय आहे. मी मऊभात टाकला, वर मेतकूट आणि तूप. आम्ही दोघी ताट पुसून जेवलो. सुळके मी तिच्या फोनमध्येच पाहिले. चुटपुट लागली का? लागली. अजून आहे.

त्या रात्री वाटाड्यानं सारावाक दालनाची गोष्ट सांगितली. 1981 साली तीन ब्रिटिश गुहाशोधक एका भुयारातून आत शिरले. भिंतीच्या कडेनं जाता जाता त्यांना समोरची भिंत सापडेचना, कारण दिव्याचा उजेड पोचत नव्हता. मोजलं तेव्हा सुमारे सहाशे मीटर लांब, चारशेहून अधिक मीटर रुंद, आणि मध्ये एकही खांब नाही!

चौथ्या दिवशी सूज उतरली होती. पट्टी बांधून, काठी घेऊन, दर अर्ध्या तासाला बसत मी ते 8.8 किलोमीटर चालून बाहेर आले. आदल्या दिवशी हट्टानं चढले असते तर मला उचलून आणावं लागलं असतं.

तर ताई, जायचं असेल तर हे करा:

निघण्याआधी दोन महिने रोज जिने चढा आणि उतरा. उतरताना दुखलं तर डॉक्टरांना दाखवा आणि मुलांनाही सांगा.

सुती कपडे नकोत. भिजले की जड होतात, वाळत नाहीत. झटपट वाळणारे घ्या. कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा, तो फक्त झोपताना घालायचा.

बूट नवे कोरे नकोत, महिनाभर घरात वापरलेले हवेत. रात्री ओल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा.

जळवांना घाबरू नका. कोकणातल्या मैत्रिणींना त्या नव्या नाहीत. लांब मोजे सलवारीवरून ओढा. चिकटलीच तर हिसकू नका, नखानं तिचं तोंड कडेनं सरकवा. रक्त थोडा वेळ वाहतं, कारण जळू ते गोठू देत नाही. साबणानं धुऊन दाबून धरा.

विजेरी कपाळाला बांधायची घ्या, हात मोकळे राहतात. सोबत मीठ-साखर-पाणी, गूळ-शेंगदाणे, नेहमीची औषधं. गुहांमध्ये वाटाड्याशिवाय जाता येत नाही, आणि सुळक्यांची सहल तीन दिवसांची असते, तिची नोंदणी आधी करावी लागते. सुळके नको असतील तर हरणांची गुहा आणि नितळ पाण्याची गुहा एवढंही पुष्कळ आहे. सुनेला तसं सरळ सांगा.

आणि तिनं फोनवर ‘आई, जमेल ना?’ विचारलं, तर ‘मला काय होतंय’ म्हणू नका. काय होतंय ते सांगा. मग खुशाल जा.

आल्यावर पत्र पाठवायला विसरू नका हं. पुढच्या आठवड्यात बोलू या लोणच्याच्या बरण्यांना बुरशी का येते त्याविषयी. कैऱ्या बाजारात आल्याच आहेत!