नायक्विस्टच्या वक्राची कैफियत

नियंत्रणशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमातून नायक्विस्ट, बोडे आणि इव्हान्स यांच्या आलेखपद्धती रद्दबातल कराव्यात, अशी फिर्याद हल्ली वारंवार गुदरण्यात येते. वादींचे म्हणणे असे की, ज्या काळी बहुपदीची मुळे काढता काढता मनुष्य मेटाकुटीस येत असे त्या काळच्या या तजविजी. आता संगणक ती मुळे निमिषार्धात हाती देत असता ग्राफपेपरचे ओझे विद्यार्थ्याच्या माथी कशाला?

यातील एक कलम बिनतक्रार मान्य. रूट लोकसची शाखा वास्तव अक्षापासून नेमकी कोठे फुटते, हे दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत काढायला लावून त्यावर गुण मुक्रर करणारी परीक्षापद्धती खुशाल बंद व्हावी. इव्हान्सने १९४८ साली रूट लोकसची पद्धती मांडली ती असल्या कारकुनीसाठी नव्हे.

परंतु मुळे काढण्याची मेहनत वाचवणे एवढेच या आलेखांचे प्रयोजन, हे गृहीतच चुकीचे. मुळे न काढता स्थैर्य तपासणारी राउथची कसोटी १८७७ पासून उपलब्ध होती. एटी अँड टी कंपनीतील नायक्विस्टने १९३२ साली दिलेल्या कसोटीचे सामर्थ्य निराळे: ओपन लूप स्थिर असेल तर समीकरण हाती नसतानाही, यंत्रावर प्रत्यक्ष मोजलेल्या प्रतिसादावरून तिला निवाडा देता येतो.

साधाच दाखला घ्या. ओपन लूपचे ध्रुव ०, −१ व −२ येथे आणि अंशस्थानी केवळ १. मुळे पाहून संगणक ‘स्थिर’ म्हणतो आणि गप्प बसतो. बोडेचा आलेख मात्र सांगतो की गेन सहापट होईतो धोका नाही. फेज मार्जिन सुमारे ५३ अंश, म्हणजे ०.९३ रेडियन, त्यास ०.४५ या क्रॉसओव्हर वारंवारतेने भागले की समजते, मापनास दोन सेकंद विलंब लागला तरी लूप तग धरील. हाच विलंब समीकरणात घातला तर मुळे अनंत होतात आणि राउथची सारणी मांडताच येत नाही.

‘मार्जिनही संगणकच देतो’, ही हरकत उरते. देतो खरा, पण गेन वाढवल्याने नव्हे तर घटवल्याने अस्थिर होणारी लूपही असते, आणि तेथे त्या एकाच आकड्यावर विसंबणारा, वक्र कधी न पाहिलेला पदवीधर बिनदिक्कत गेन उतरवील.

तेव्हा अभ्यासमंडळांस विनंती इतकीच, की रेखाटनाचे नियम हवे तेवढे कापा, वक्र संगणकाकडून काढून घ्या. पण प्रश्नपत्रिकेत समीकरण न देता मोजलेला वक्र छापा, आणि ही लूप बंद करावी की नाही, हे कारणांसह विचारा.