आईचे पाय सुजलेत, पुण्याला नेऊ का?

मंचरमध्ये घरातल्या कुणाचे पाय महिनाभर सुजलेले राहिले, की मोबाइलवर पहिला शोध असतो ‘पुण्यातला बेस्ट स्पेशालिस्ट’. कशाचा स्पेशालिस्ट? सूज हार्टची असेल, किडनीची, लिव्हरची, थायरॉइडची, शिरांची, नाहीतर बीपीसाठी चालू असलेल्या ॲम्लोडिपिनची. रोग ठरायच्या आधीच डॉक्टर ठरवायचा आणि साठेक किलोमीटर जाऊन ‘हार्ट नॉर्मल आहे’ एवढं ऐकून परतायचं, याला उपचार कसं म्हणायचं?

दोष एकट्या पेशंटच्या घरच्यांचा नाही. नडगीवर अंगठा दाबून खळगा पडतो का हेही न बघता लघवीची गोळी लिहून देणारे डॉक्टर आहेतच. सूज उतरते, पेशंट खूश. लघवीतून प्रथिनं जातायत का, हे कुणी तपासतच नाही. त्यात कांदाकाढणीत कंबर धरली म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅक! तीच अंगात पाणी साठवते, किडनीलाही इजा करते.

आधी फिजिशियन गाठा. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात विचारा. बीपी, लघवी, क्रिएटिनिन, ईसीजी एवढं तरी मागा, लाजू नका. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, गुडघ्यांसाठी आणलेल्या पुड्यासुद्धा. (बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करू नका.) पुणं त्यानंतर.

एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखतेय किंवा धाप लागतेय, तर मात्र ताबडतोब दवाखान्यात न्या. शिरेत गुठळी असू शकते आणि ती फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो.