जुनी मोटार आणि मिस्त्रीची पावती

दिग्रसच्या बाजारात दुकानासमोर उभ्या असलेल्या आमच्या प्रीमियर पद्मिनीला मागे येणाऱ्या टेम्पोने धडक दिली. दरवाजा आत गेला, मडगार्ड चेपले. लोक म्हणाले, "भंगारात द्या." आम्ही कापडाचे व्यापारी. किमती शालीला भोक पडले तर ती आम्ही फेकत नाही, रफूगराकडे नेतो.

कुर्ल्याला बनणारी ही मोटार बंद होऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. नवा दरवाजा मिळणे कठीण. पत्रा ठोकून सरळ करणारा डेंटिंगचा मिस्त्रीच कामी येतो. आमच्या मिस्त्रीने आधी गंज घासून काढला, रेड ऑक्साइड मारले, मगच पातळ लांबी भरली. गंजावरच लांबी थापली, तर ती पावसाळ्यात फुगून सुटते.

काम चोख झाले, पण फुल इन्शुरन्स असूनही पैसे बुडाले. चूक आमचीच. सर्व्हेअरने पाहण्याआधी काम सुरू केले आणि मिस्त्रीकडे पावतीपुस्तक नव्हते. वास्तविक दहा वर्षांवरील गाडीला धातूचा नवा भाग बसवला तर घसाऱ्यापोटी निम्मी रक्कम कापतात. मजुरीवर घसारा नसतो. म्हणजे जुन्या गाडीच्या दाव्यात मजुरीची पावती हाच मोठा आधार.

व्यापारी बंधूंनी आधी विमा कंपनीला कळवावे, मगच गाडीला हातोडा लावू द्यावा. कारागीर बंधूंनी अंदाजपत्रक व पावती लिहून द्यावी. पावतीवाचून गिऱ्हाईक मोठ्या वर्कशॉपकडे वळते आणि हुन्नर असूनही हात रिकामे राहतात.