एक्स्प्लेनर : दुधाच्या पिशवीचे ५० पैसे कुठे अडकले?

आमच्या घरी आई दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन सिंकवरच्या तारेला वाळत घालते. महिन्याच्या शेवटी त्या रद्दीबरोबर भंगारवाल्याकडे जातात. सरकारी नियमानुसार यातल्या प्रत्येक पिशवीचे किमान ५० पैसे तिला परत मिळायला हवे होते. तुम्हाला मिळालेत का कधी?

नियम काय सांगतो?

राज्य सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. दुधाच्या पिशव्या बंदीतून वगळल्या, पण अट घातली : पिशवीवर परतीची किंमत छापायची आणि रिकाम्या पिशव्या परत घ्यायची व्यवस्था उभी करायची. त्याच अधिसूचनेनुसार बंदी मोडणाऱ्याला पहिल्यांदा ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार रुपये दंड. दंडाच्या पावत्या फाडायला सुरुवात झाली, भाजीवाल्यांना विचारा. परतीचा भाग कागदावरच राहिला. तत्कालीन पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी २०१९ मध्ये विधानसभेत हीच योजना पुन्हा जाहीर केली. राज्यात रोज सुमारे एक कोटी पिशव्या, म्हणजे ३१ टन कचरा, असे तेव्हा सांगण्यात आले.

५० पैशांनी काय होणार?

इथे थोडा हिशेब करू (इंजिनीअरिंगची सवय, जात नाही). ३१ टन भागिले एक कोटी, म्हणजे एक पिशवी साधारण ३ ग्रॅमची. किलोत सव्वातीनशेच्या आसपास पिशव्या बसतात. ५० पैशांनी किलोचे १६० रुपये होतात. भंगाराचा दर याच्या जवळपासही नाही.

रोज दोन पिशव्या घेणाऱ्या घराला महिन्याला ३० रुपये मिळतील. तेवढ्यासाठी सगळेच पिशव्या जपून ठेवतील असे नाही. पण कचरा वेचणाऱ्या बाईसाठी किलोमागचे १६० रुपये ही मोठी रक्कम आहे. खरी लाभार्थी तीच, आणि या चर्चेत तिचे नाव क्वचितच येते.

मग अडले कुठे?

दूध पहाटे दारात येते, पोचवणाऱ्याचे कमिशन आधीच तुटपुंजे. वास मारणाऱ्या पिशव्या तो कशाला मोजत बसेल? शिवाय डेअऱ्या अनेक, एकाची पिशवी दुसरा घेणार नाही. तमिळनाडूतल्या निलगिरीत दारूच्या बाटलीवर १० रुपये जादा घेऊन बाटली आणून दिल्यावर ते परत करायची पद्धत मद्रास उच्च न्यायालयाच्या दट्ट्यानंतर २०२२ मध्ये सुरू झाली. तिथे विक्रेता एकच, तोही सरकारी, त्यामुळे काम सोपे झाले. अनेक कंपन्या असतील तर अनामतीचा हिशेब ठेवणारी एक सामाईक यंत्रणा लागते. गोव्याने २०२४ मध्ये अनामत परतीची योजना अधिसूचित केली आहे. आपल्याकडे डेअऱ्यांनी ती आपणहून उभारावी, असे जणू गृहीतच धरले गेले.

आणखी एक मुद्दा. एक कोटी पिशव्यांची अनामत रोजची ५० लाख रुपये होते. जी पिशवी परत येणारच नाही, तिचे पैसे कोणाचे? ते डेअरीकडे राहिले, तर पिशव्या गोळा न करण्यातच तिचा फायदा. माझ्या मते ही रक्कम संकलन केंद्रांसाठीच राखून ठेवायला हवी. आणि या केंद्रांवर पिशवी आणणाऱ्याकडे दूध घेतल्याची पावती मागता कामा नये. पावती मागितली, की कचरावेचक बाई रांगेतून बाहेर.