पट्ट्याची उरलेली वर्षे : गृहनिर्माण मंत्र्यांस खुले पत्र

प्रति,
माननीय गृहनिर्माण मंत्री, इंग्लंड

महोदय,


संपूर्ण घर विकत घेण्याची ऐपत नसलेल्या कुटुंबाने घराचा काही हिस्सा विकत घ्यावा, उरलेल्या हिश्श्याचे भाडे गृहनिर्माण संस्थेस देत राहावे आणि सवड होईल तसतसा आपला हिस्सा वाढवीत अखेर पूर्ण मालक व्हावे, ही सामायिक मालकीची योजना मूलतः लोकहिताची आहे, आणि येथे संसार मांडू पाहणाऱ्या मराठी कुटुंबांना तिचे आकर्षण वाटते ते उगीच नव्हे. परंतु असे घर प्रायः भाडेपट्ट्याने मिळते व त्या पट्ट्याची मुदत वर्षागणिक घटत जाते, ही गोष्ट खरेदीच्या धांदलीत दृष्टीआड होते, हे आपल्या निदर्शनास आणणे मला अगत्याचे वाटते.

२०२१ पासूनच्या पट्ट्याच्या नव्या नमुन्यात ही मुदत किमान ९९० वर्षांची आहे. त्यापूर्वीच्या घरांची मात्र बहुधा ९९ किंवा १२५ वर्षांची. पंचाऐंशी वर्षे शिल्लक आहेत असे ऐकले, की मनुष्य ती आपल्या हयातीशी ताडून पाहतो व निश्चिंत होतो. वास्तविक ती पुढील खरेदीदाराच्या आणि त्यास कर्ज देणाऱ्या बँकेच्या नजरेने मोजावयास हवीत. कारण मुदत ८० वर्षांखाली उतरली, की पुष्कळ बँका हात आखडता घेतात, मिळकतीचे मोल ढासळते, आणि भाडेपट्ट्यांविषयीच्या १९९३ च्या कायद्यातील हिशेबाप्रमाणे मुदतवाढीमुळे होणाऱ्या मूल्यवृद्धीचा अर्धा वाटा जमीनमालकाच्या पदरी घालावा लागतो. २००० साली झालेल्या ९९ वर्षांच्या पट्ट्याने ही मर्यादा २०१९ सालीच ओलांडली.

त्यातही, ९० वर्षांची वाढ मागण्याचा जो हक्क त्या कायद्याने सामान्य पट्टेदारास दिला, तो अंशतः मालक असलेल्यास निर्वेधपणे लाभला नाही. त्यास संस्थेच्या मर्जीवर विसंबावे लागते, आणि केवळ चतुर्थांश हिस्सा पदरी असतानाही अनेकदा मुदतवाढीचा सारा खर्च एकट्याने सोसावा लागतो. भाडेपट्ट्यांच्या सुधारणेसाठी झालेल्या २०२४ च्या कायद्याने हा हक्क सामायिक मालकांस देऊ केला, मुदतवाढ ९९० वर्षांची केली आणि मूल्यवृद्धीतील तो अर्धा वाटाही रद्द ठरविला. परंतु जी तरतूद अमलात आलेली नाही, तिने कोणाचेही घर सुरक्षित होत नाही.

म्हणून माझी विनंती अशी, की या तरतुदींच्या अंमलबजावणीची तारीख विनाविलंब जाहीर व्हावी. जुन्या पट्ट्यांच्या मुदतवाढीचा खर्च ज्याच्या त्याच्या हिश्श्याच्या प्रमाणात वाटला जावा. आणि विक्रीच्या प्रत्येक जाहिरातीत किमतीइतक्याच ठळक अक्षरांत उरलेली वर्षे छापण्याचे बंधन असावे.

आणि हे होईतो खरेदीदारांस एवढेच सांगणे, की अनामत रक्कम भरण्यापूर्वी पट्ट्याची किती वर्षे उरली आहेत व ती वाढविण्याचा खर्च कोणी द्यावयाचा, या दोन प्रश्नांची उत्तरे आपल्या वकिलामार्फत लेखी मागून घ्यावीत.

आपला विनम्र,
इंग्लंडमधील एक मराठी रहिवासी